पगारी पीएचडीचा अर्ज: आधी दुसऱ्यांच्या हातातली कामं

"परदेशात पीएचडीला किती लाख लागले गं?" बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकू हे मला अजून विचारतात. लागले नाहीत, उलट मिळाले, असं म्हटलं की त्या आईकडे बघतात, पोरगी काहीतरी लपवतेय अशा नजरेने. नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा माणूस बहुधा विद्यापीठाचा नोकरच असतो. मलाही चार वर्षं पगारपत्रक मिळालं आणि त्यातून करही कापला गेला. पण तिथे पोचायला दोन वर्षं गेली. पहिल्या वर्षी अकरा अर्ज केले, अकराही नापास. दुसऱ्या वर्षी पाचच केले आणि एक लागला. या दोन वर्षांत माझे गुण तेच होते.

जाहिरातीत 'फुल्ली फंडेड' दिसलं की आधी विचारा, पूर्ण म्हणजे काय काय? फी माफ आहे की फी भरून वर महिन्याला पैसे? आरोग्य विमा, विमानाचं तिकीट, व्हिसा कोणाकडे? पैसे किती वर्षं, आणि काम लांबलं तर पुढे काय? परत येऊन नोकरी करायची अट आहे का? बडोदेकरांना हे नवं नाही. १९१३ साली सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांची. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी, असा करार होता. १९१७ साली ते त्यासाठी इथे आले, तर जातीमुळे या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना आणि काही दिवसांतच त्यांना बडोदं सोडावं लागलं. कमाटीबागेतल्या त्यांच्या स्मारकावरून, संकल्पभूमीवरून जाताना मला हे दर वेळी आठवतं. म्हणून राहण्याची सोय कोण करणार, हेही विचारून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कुठे शोधायचं? युरोपीय संघाच्या पैशांवर चालणाऱ्या मेरी क्युरी डॉक्टोरल नेटवर्कच्या पीएचडीच्या जागा युरॅक्सेस या संशोधन-नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर निघतात. तिथे एक अट आपल्या सोयीची आहे: मागच्या ३६ महिन्यांत, जागा ज्या देशातली त्या देशात, १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. थेट बडोद्याहून जाणाऱ्याला ती आडवी येतच नाही. जपानात ओकिनावाची ओआयएसटी ही विज्ञान-तंत्रज्ञान संस्था आहे. तिथे विभागच नाहीत, पहिल्या वर्षी तीन प्रयोगशाळा फिरून मग आपली निवडायची. ऑस्ट्रियातल्या आयएसटीए या संशोधन संस्थेतही साधारण तशीच पद्धत. जर्मनीत माक्स प्लांक संस्थांच्या डॉक्टोरल शाळा बघा. आणि बाहेर जायलाच हवं असंही नाही. आपल्याकडची संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती, जेआरएफ, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. पीएचडीला गुजरातेतच राहणार असाल तर राज्याच्या 'शोध' शिष्यवृत्ती योजनेची चौकशी करा. ज्या जागेच्या अर्जासाठी कोणी एजंट 'प्रोसेसिंग'चे पैसे मागतो, तिथून मात्र उठून या.

आता खरी मेख. अर्ज तुमचा असला तरी त्यातली निम्मी कामं दुसऱ्यांच्या हातात असतात. ती आधी सुरू करा, निबंध रात्री जागून लिहिता येतो. ओकिनावाची मुदत साधारण १५ नोव्हेंबरची, ऑस्ट्रियाची ८ जानेवारीची. म्हणजे एकीच्या तोंडावर दिवाळीची सुट्टी, आणि दुसरी येईपर्यंत निम्मं बडोदं संक्रांतीच्या पतंगांसाठी मांजा पाजायला बसलेलं. शिफारसपत्रासाठी सरांना गरब्यांच्या आधीच गाठा. "तूच लिहून आण, मी सही करतो," असं सर म्हणाले तर पत्र लिहून नेऊ नका. एका पानावर मुद्दे द्या: कोणता प्रकल्प, काय बिघडलं, तुम्ही ते कसं सोडवलं, सरांनी तेव्हा काय पाहिलं. मी पहिल्या वर्षी तिन्ही पत्रं स्वतः लिहिली. तिघेही एकाच सुरात माझी आरती ओवाळत होते. आणि सरांचा विद्यापीठाचाच ईमेल द्या, जीमेल नको.

नावाचंही आजच बघून घ्या. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर दोन वेगळे रकाने. माझ्या एका अर्जात मीच घोळ घातला आणि निवड समिती मला वडिलांच्या नावाने हाक मारत राहिली. पासपोर्टवर आहे तेच सगळीकडे लिहा. लग्न तोंडावर असेल तर नाव बदलायची घाई करू नका, एवढं मी सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते.

निबंधाची माझी पहिली सुरुवात होती: 'लहानपणापासून मला विज्ञानाची ओढ होती.' कोणाला नव्हती? दुसऱ्या वर्षी मी एमएस्सीतला फसलेला प्रयोग लिहिला. आम्ही सौर घटासाठी पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचे पातळ थर बनवत होतो. मार्चमध्ये काळाभोर येणारा थर जुलैत पिवळा पडायचा. हवेतल्या ओलाव्याने त्याचं विघटन होऊन पिवळं लेड आयोडाइड उरतं. ओलावा बाहेर ठेवणारी बंद पेटी, म्हणजे ग्लोव्हबॉक्स, आमच्याकडे नव्हता. मी डेसिकेटर या झाकणबंद भांड्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल भरलं, दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक आत ठेवला आणि किती टक्क्यांना किती तासांत रंग बदलतो याची वही केली. निबंधात ती वही, तिच्यातून काय कळलं नाही, आणि ते त्यांच्याच प्रयोगशाळेत का कळू शकेल, एवढंच होतं. प्राध्यापकांना आधी ईमेल करायची तर तीही अशीच हवी, दहा ओळींची. त्यांचा एक लेख खरंच वाचून त्यावर एक प्रश्न विचारा. 'रिस्पेक्टेड सर' म्हणून शंभर जणांना पाठवलेलं पत्र त्यांना लगेच ओळखू येतं.

मुलाखत बहुतेक वेळा व्हिडिओवर होते. घड्याळ सांभाळा. मध्य युरोप हिवाळ्यात आपल्यामागे साडेचार तास असतो आणि मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर साडेतीन. त्यांनी सकाळी दहा लिहिलं होतं, मी अडीच धरले. दीड वाजता मी वरण-भात कालवत होते तेव्हा फोनवर ईमेल आली, 'आम्ही वाट पाहतो आहोत.' हात धुतले, ओढणी सारखी केली आणि वही समोर घेऊन बसले. पहिलाच प्रश्न आला: पिवळ्या थराचे फोटो आहेत का? होते. वहीतच चिकटवलेले होते, पान उघडून कॅमेऱ्यासमोर धरलं.