उन्हाळ्यात वावरातला माल तोडून स्वतः कसा विकायचा

विदर्भात उन्हाळी भाजी आणि फळं पिकवणं एकवेळ जमून जाते, पण ती टवटवीत असताना गिऱ्हाइकाच्या पिशवीत पोचवणं हीच खरी कसरत आहे, कारण मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जाते आणि उशिरा तोडलेली भेंडी बाजारात पोचेपर्यंत पार सुतळीसारखी होऊन जाते. म्हणून थोडंच तोडायचं, उन्हाच्या आधी तोडायचं आणि त्याच दिवशी विकून मोकळं व्हायचं.

आदल्या संध्याकाळी

पहिले विकायचं कुठं ते ठरवा, मग तोडायचं किती ते. बरेच जण उलटं करतात, क्रेट भरभरून तोडतात आणि मग फोन लावत बसतात. उद्या कोणत्या गावचा आठवडी बाजार आहे, कोणाकडे लग्न आहे, गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी काय मागितलं ते बघून घ्या. काटा चार्जिंगला लावा, चिल्लर काढून ठेवा, गोणपाट भिजवायला ठेवा.

माल शेजाऱ्याच्या वावरातून घेत असाल तर भावाच्या आधी फवारणीचं विचारा. फवारल्यावर किती दिवस थांबून तोडायचं ते औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असते, तेवढे दिवस झाले नसतील तर माल घ्यायचा नाही, मग शेजारी कितीही जवळचा असो. किलोनं घेता की उभा माल (वावरातलं न तोडलेलं पीक ठोक भावात) घेता तेही तिथंच बोलून घ्या, नंतरची कटकट नको.

सकाळी तोडताना

उजेड पडला की पहिले सांभार म्हणजे कोथिंबीर, मग भेंडी, चवळी, काकडी. भेंडीचं टोक बोटानं वाकवून बघा, कट्टकन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. भेंडीचा तोडा एक दिवसाआड घ्यावाच लागते, शेंगा झाडावर जून झाल्या की नवीन शेंगा कमी लागतात. हातमोजे घाला, नाहीतर दिवसभर खाजवत बसाल. आणि पाणी मारून पोत्यात कोंबू नका, काळी पडते. सावलीत क्रेटमध्ये मोकळी ठेवा आणि वरून ओलं गोणपाट टाका, बस.

निंबू मात्र अंगावर ओल असताना तोडायचा नाही, सालीतलं तेल फुटते आणि मग डाग पडतात. थोडं ऊन लागलं की तोडा आणि ओढू नका, देठाशी कापा.

आता टरबूज. इथं घाई अजिबात करू नका, कारण आंबा तोडल्यावरही पिकते पण टरबूज पिकत नाही, वेलावर जेवढं गोड झालं तेवढंच गोड. जातीनुसार पेरणीपासून साधारण ७५ ते ९० दिवस लागतात, पण नुसते दिवस मोजून भागत नाही. फळाच्या देठाजवळ वेलाची एक बारीक वळलेली तार असते, ती बघा. हिरवी असेल तर हात लावू नका, वाळून तपकिरी झाली असेल तर फळ हळूच कलतं करून बुडाचा डाग बघा. पांढरा असेल तर अजून थांबा, पिवळसर झाला असेल तर समजा झालं. थाप मारून आवाज ऐकणारे पुष्कळ आहेत, टणटण वाजलं तर कच्चं आणि बदबद वाजलं तर पिकलं म्हणतात, चुकीचं नाही, पण त्याला कान लागतो आणि तार कोणालाही दिसते. वैनगंगेच्या पात्रात टरबुजाची वाडी करणाऱ्या एखाद्या जुन्या माणसासोबत एक सकाळ फिरलात तर हे सगळं पटकन कळते.

तोडणीच्या तीन-चार दिवस आधी पाणी कमी करा, गोडी चांगली येते आणि फळ कमी तडकते. पहाटे टरबूज पाण्यानं ताठ असते, जरा धक्का लागला की तडा जाते, म्हणून भाजी आटोपल्यावरच त्याला हात घाला. बोटभर देठ ठेवून विळ्यानं कापा. गाडीत खाली कुटार (भुसा) किंवा तणस (भाताचा पेंढा) टाका आणि रचताना फेकाफेक करू नका.

गावरान आंब्याला पाड लागला, म्हणजे झाडावर एखाद-दुसरा पिकू लागला, की झेल्यानं (जाळी लावलेल्या बांबूनं) उतरवा, थोडं देठ ठेवा म्हणजे चीक सालीवर सांडत नाही. पिकवायला तणसच पुरे. कॅल्शियम कार्बाईडवर बंदी आहे आणि तसंही त्या आंब्याला नुसता रंग येते, चव नाही.

बाजारात

२०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, त्यामुळे शेतकऱ्याला आवाराबाहेर कुठंही, कोणालाही थेट विकता येते. जास्त माल असेल तर नागपूरच्या कळमना बाजारात न्या, हर्रासीत म्हणजे लिलावात एका फटक्यात खपते, फक्त पट्टी म्हणजे हिशोबाची चिठ्ठी हातात आली की हमाली-तोलाईच्या नावाखाली काय काय कापलं ते तिथंच वाचा. क्रेट-दोन क्रेटसाठी मात्र तिकडे जाण्यात काही अर्थ नाही, गाडीभाडंच निघत नाही.

हातविक्रीत सकाळी आठ ते अकरा आणि मग पाचनंतर, मधे बाजार ओसच राहते. जागा सावलीची धरा, मोक्याची नंतर. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनवाल्यांकडून दरवर्षी तपासणी करून शिक्का घ्यावा लागते, तेवढं करून ठेवा. भाव पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा, लाजून विचारत नाहीत ते लोकही मग थांबतात. एक टरबूज कापून दाखवा, जाळीखाली झाकून ठेवा, आणि तास-दीड तासानं ते बाजूला करून दुसरं कापा.

मे संपता संपता लोणच्याच्या कैऱ्या निघतात तेव्हा सोबत मोठा अडकित्ता घेऊन बसा. कैरी विकणारे दहा असतात, पण तिथंच फोडी करून देणाऱ्यापाशी बायांची रांग लागते, कारण घरी कोय फोडायचं काम कोणालाच नको असते. किलोमागं फोडणावळ वेगळी सांगायची, कैऱ्या आधी धुवून कोरड्या पुसून घ्यायच्या, ओल राहिली तर लोणचं बिघडते आणि बोल तुम्हाला लागते.

संध्याकाळी उरलेली भेंडी-काकडी पडेल भावात देऊन टाका, उद्यासाठी ठेवू नका. गवारीच्या शेंगा आणि वांगी उरली तर चिरून वाळवायला टाका, आपल्याकडं ऊन फुकट आहे, पावसाळ्यात भाजी महाग झाली की हेच वाळवण घरी कामी येते आणि जास्त असेल तर विकलंही जाते. तडकलेलं टरबूज ढोरांना.