टीपीएस गेलाय म्हणताय? आधी मल्टीमीटर लावून बघा

गाडी एका ठराविक रेसवर चालवताना मधेच झटके मारते, सिग्नलवर आयडलिंग वरखाली होतं, आणि फुल रेस दिली की मात्र मस्त पळते, असं असेल तर संशय थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर जातो, म्हणजे टीपीएसवर. थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, आणि ती किती उघडली आहे हे हा सेन्सर सांगतो. संशय बरोबर असू शकतो पण लगेच नवीन सेन्सर मागवू नका, कारण सेन्सरच्या वायरचा ढिला कपलर (जोडणारा प्लग), घाण झालेली थ्रॉटल बॉडी (ही झडप असलेला भाग) किंवा हवा आत नेणाऱ्या इनटेकच्या रबरातून हवा ओढणं, यातही गाडी अशीच वागते.

आत काय असतं ते कळलं की टेस्ट सोपी वाटते. बहुतेक गाड्यांमध्ये हा सेन्सर म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखाच प्रकार, कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा काटा. आपण गाडी बहुतेक वेळ थोड्याशाच रेसवर चालवतो ना, म्हणून पट्टी तिथेच झिजते आणि झटकेही तिथेच येतात, पुढची पट्टी कोरी करकरीत असते.

आता टेस्ट. इंजिन बंद, चावी ऑन. कपलर लावलेलाच ठेवा आणि मागच्या बाजूने वायरच्या रबर सीलमधून बारीक टाचणी आत सरकवा आणि मीटर तिला लावा, वायर सोलू नका, पुढे पाणी शिरून गंज धरतो. तीन वायर असतात: एकीवर ५ व्होल्टच्या आसपास, एक अर्थ (अर्थिंगची) आणि तिसरी सिग्नल. ५ व्होल्टच येत नसतील किंवा अर्थ नीट नसेल तर सेन्सरला शिव्या देऊ नका, वायरिंग शोधा. सिग्नलवर थ्रॉटल बंद असताना साधारण ०.५ ते ०.८ व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर ४ च्या आसपास दिसतात, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्येच बघा.

पण खरा खेळ या दोन आकड्यांत नाहीये. रेसची मूठ अगदी हळूहळू फिरवा, मुंगीच्या चालीने, आणि व्होल्टेज न अडखळता चढतंय का बघा. मधेच शून्यावर पडलं, उडी मारली, तर पट्टी गेली. घाईने फिरवलं तर डिजिटल मीटरला तो खड्डा दिसतच नाही, इथे जुना काट्याचा मीटर भारी पडतो. काही सेन्सर तापल्यावरच नाटक करतात, त्यामुळे थंड गाडीत सगळं ओके आलं तरी एक चक्कर मारून पुन्हा टेस्ट करा, आणि तेव्हाच कपलर जरा हलवूनही बघा.

सेन्सर खरंच गेला असेल तर चावी बंद, बॅटरीची मायनस काढा. जुना सेन्सर काढण्याआधी त्याच्या बॉडीवरून थ्रॉटल बॉडीवर मार्करने एक रेघ मारा, ही रेघ विसरलात की पुढे तासभर डोकं खाजवत बसाल. स्क्रू बऱ्याचदा टॉर्क्सचे (चांदणीच्या खाचेचे) असतात, कधी मधे पिन असलेले, त्यांना साधा पाना लावून डोकी गोल करू नका. नवीन बसवताना थ्रॉटलच्या शाफ्टची (दांड्याची) खाच जुळवून थोडा फिरवून बसतो, जोर लावायचा नाही, आणि स्क्रूही हलकेच आवळायचे, प्लॅस्टिक तडकतं.

स्क्रूची भोकं लांबट असतील तर सेन्सर ॲडजस्ट होतो. बॅटरी परत जोडा, चावी ऑन करून बंद थ्रॉटलचं व्होल्टेज मॅन्युअलच्या आकड्यावर आणा आणि मग आवळा. आधी कुणी थ्रॉटल कुठवर बंद होतो ते ठरवणाऱ्या स्टॉप स्क्रूशी खेळलं असेल तर हा आकडा जुळणारच नाही, तो आधी जागेवर आणा. गोल भोकं असतील तर ॲडजस्टमेंट नसते, काही गाड्यांत ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) बंद थ्रॉटलची जागा नव्याने शिकवावी लागते, प्रत्येकाची पद्धत वेगळी. ईसीयूत साठलेले बिघाडाचे कोड क्लिअर करा आणि ज्या रेसवर झटके यायचे त्याच रेसवर गाडी चालवून बघा.

केबलच नसलेल्या राइड बाय वायर गाड्यांवर यातलं काही करू नका, तिथे सेन्सर जोडीने असतात आणि बरेचदा अख्खी थ्रॉटल बॉडीच बदलावी लागते.