भंगारातून नावेचं इंजिन बनवताय? या चुका टाळा

2019 च्या महापुरात आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं गूळ शिजवायच्या मोठ्या कढईत, म्हणजे काहिलीत बसून बाहेर आली. तेव्हाच ठरवलं, घरच्या नावेला इंजिन बसवायचं. कोल्हापुरात उद्यमनगरसारखी जागा असताना अडचण कसली? लेथ, वेल्डिंग, ओतकाम सगळं हाताशी. तरी पहिली दोन वर्षं चुका करण्यातच गेली.

पहिली चूक इंजिन निवडताना झाली. मोटारसायकलचं इंजिन स्वस्तात मिळतं, पण ते गार होतं धावत्या गाडीच्या वाऱ्यावर. नावेत ते जागेवर तापतं आणि पिस्टन आतच अडकून बसतो. शेतातल्या पाण्याच्या पंपाचं साडेपाच हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन घ्या. त्याच्या फ्लायव्हीललाच गार करणारा पंखा असतो. शिवाय टू-स्ट्रोकसारखं धुरातून ऑइल नदीत जात नाही. पंचगंगेची दशा आपण बघतोच आहोत.

खरा घोळ मात्र खाली, पाण्यातल्या पंख्यात होतो. टेबलफॅनची पाती कापून लावू नका. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट जड, पहिल्याच झटक्यात पाती मुडपतात. मी जुन्या आउटबोर्ड मोटरचा, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून लावायच्या तयार मोटरचा पंखा आणला, शाफ्टला सरळ जोडला आणि नाव मागे चालली! पंख्याची बाजू पालटून बसवला, तरी मागेच. पुन्हा काढून निरखत बसलो होतो, तेव्हा लेथवाले मामा म्हणाले, "नट पालथा धरला म्हणून आटे बदलत्यात व्हय?" तेवढ्यावर सगळं उलगडलं: पंखा पालटला तरी त्याच्या पात्यांचा पीळ तोच राहतो. बहुतेक आउटबोर्ड पंखे उजव्या पिळाचे असतात, म्हणजे नावेच्या मागून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरले तर नाव पुढे जाते. पंपाच्या इंजिनाचा शाफ्ट त्याच बाजूने बघितला तर घड्याळाच्या उलट फिरतो. त्याला डाव्या पिळाचाच पंखा हवा. विकत घेण्याआधी इंजिन दोरीने हळू फिरवून दिशा बघा आणि खडूने बाण काढून ठेवा.

दुसरं दुखणं थरथरीचं. 20 मिमीचा पाच फुटी शाफ्ट फक्त दोन टोकांना धरला, तर मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपासच तो धनुष्यासारखा वाकून नाचायला लागतो. इंजिन तर 3600 पर्यंत जातं. म्हणून शाफ्ट ज्या पाइपमधून जातो त्यात दर दोन फुटांवर बुश, म्हणजे शाफ्टला धरणारी गोल नळी द्या. पाण्यातल्या टोकाला बॉल बेअरिंग नको, सील गेला की महिन्याभरात गंजतं. तिथे गनमेटलचा नाहीतर नायलॉनचा बुश आणि भरपूर ग्रीस. कपलिंग, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट जोडणारा तुकडा, शाफ्टला वेल्ड करू नका, वेल्डिंगच्या आचेने शाफ्ट ओढला जातो. चावी (दोन्ही एकत्र फिरवणारी लोखंडी पट्टी) बसायला खाच पाडून घ्या आणि बसवल्यावर शाफ्ट सरळ फिरतोय का ते डायल गेज लावून बघाच. पंख्याच्या नटाला स्प्लिट पिन हवीच.

इंजिन किंचाळतंय आणि नाव जागची हलत नाही, तर आधी पंख्याची खोली बघा. पाण्याच्या वरच्या थरात फिरणारा पंखा हवा ओढतो. शाफ्ट थोडा खाली झुकवला की बहुतेक वेळा काम होतं. उलट, थ्रॉटल देताच इंजिन दबून बंद पडत असेल, तर पंखा मोठा झालाय. या इंजिनाला सात-आठ इंची पुरतो.

पहिली चाचणी नाव घाटाला दोराने बांधून करा. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) बंद करणाऱ्या स्विचची दोरी मनगटाला बांधा. माणूस पाण्यात पडला की इंजिन आपोआप बंद व्हायला हवं, नाहीतर मोकळा पंखा त्याच्याच अंगावर येतो. वल्ही आणि लाइफ जॅकेट कायम नावेत. इंजिन लावलेल्या नावेला 2021 च्या अंतर्देशीय जलवाहतुकीच्या कायद्यानुसार नोंदणी लागते, तेही उरकून घ्या.

आणि ज्या पुरासाठी हा खटाटोप केला, त्या पुरात ही नाव घालू नका. पुराबरोबर ऊस, वेली, तारा वाहत येतात, पंख्यात गुंतल्या की इंजिन मध्यधारेत बंद. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 ला माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली, तेव्हा तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. आमची नाव उन्हाळ्यात संथ पाण्यातच फिरते. तिच्या फळीवर लाल रंगात लिहिलंय: चार माणसं, चालवणारा धरून.