चॅटबॉटला तर्काची कोडी घालताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक प्रसिद्ध कोडं जसंच्या तसं विचारण्याची. मॉन्टी हॉलचं कोडं घ्या: तीन दारं, एकामागे गाडी, दोनांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता, गाडी कुठे आहे हे ठाऊक असलेला सूत्रसंचालक उरलेल्यांपैकी बकरीचं दार उघडतो आणि विचारतो, दार बदलायचं का? त्याचं 'दार बदला, शक्यता २/३' हे उत्तर इतक्या ठिकाणी छापलेलं आहे, की ते बरोबर आलं म्हणून काहीच सिद्ध होत नाही. एक अट बदलून पाहा: गाडी कुठे आहे हे सूत्रसंचालकालाही ठाऊक नाही, त्यानं उरलेल्या दोनांपैकी एक दार अंदाजानं उघडलं आणि योगायोगानं बकरी निघाली. आता दार बदला किंवा बदलू नका, शक्यता १/२च. तरीही २/३ आलं, तर चॅटबॉटनं तुमचं कोडं सोडवलेलं नाही, पाठ असलेलं म्हणून दाखवलंय. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनच्या १९६६ सालच्या चार पत्त्यांचंही तेच. प्रत्येक पत्त्यावर एकीकडे इंग्रजी अक्षर, दुसरीकडे संख्या; नियम खरा आहे का हे तपासायला कोणते पत्ते उलटायलाच हवेत, हा प्रश्न. समोर दिसतात ई (E), के (K), ४ आणि ७. नियम 'एकीकडे स्वर असेल तर दुसरीकडे सम संख्या'. उलटायचे ई आणि ७. नियम फिरवून 'सम संख्या असेल तर मागे स्वर' केला, की उलटायचे ४ आणि के.

उत्तर एकच असणार हे गृहीत धरणं ही दुसरी चूक, आणि ती चॅटबॉटही करतो. प्रत्येक जण कायम खरं किंवा कायम खोटं बोलतो. अ म्हणतो, 'ब खोटारडा आहे'; ब म्हणतो, 'अ खोटारडा आहे'. चॅटबॉट 'समजा, अ खरा आहे' इथून निघतो, कुठे अडत नाही आणि तिथेच थांबतो. उलट बाजूही तितकीच सुसंगत आहे, म्हणजे उत्तरं दोन. म्हणून 'एकूण किती उत्तरं निघतात? एकही नसेल तर तसं सांग' असंच विचारा. तीन माणसं असतील तर ८ ओळींचं पूर्ण सत्यता कोष्टक मागा, म्हणजे कोण खरा, कोण खोटा याच्या सगळ्या शक्यता एकेका ओळीत. प्रोग्रॅम लिहून घेत असाल तर एक जागा नीट तपासा: 'अ म्हणाला प' (प म्हणजे त्याचं विधान) याचं रूपांतर 'अ खरा असेल तर प' एवढंच झालं असेल तर ते चूक आहे. 'अ खरा असेल तर आणि तरच प' असं हवं. नाहीतर खोटारड्यालाही खरं बोलायची मुभा मिळते आणि नको ती उत्तरं घुसतात.

काही वेळा खोट प्रश्नातच असते. 'सर्व युनिकॉर्न पांढरे आहेत' यावरून 'काही युनिकॉर्न पांढरे आहेत' निघतं का? पारंपरिक ॲरिस्टॉटलीय तर्कशास्त्रात निघतं, आधुनिक तर्कशास्त्रात नाही, कारण तिथे एकही युनिकॉर्न नसला तरी 'सर्व' असलेलं वाक्य खरं ठरतं. कोणतं वापरायचं ते आधी सांगा. 'किंवा'मध्ये 'दोन्ही' चालतं का, हेही. न्यूकोम्बच्या दोन पेट्या चाचणीला घेऊच नका: तुमची निवड आधीच ओळखणाऱ्यानं त्यानुसार एका बंद पेटीत मोठी रक्कम ठेवलेली असते किंवा नसते, आणि तुम्ही फक्त ती घ्यायची की थोडे पैसे असलेली दुसरीही, असा तो पेच. तत्त्वज्ञांचंच त्यावर एकमत नाही, गुण कसे देणार?

शेवटचं, 'नक्की ना?' विचारू नका. त्यानं बरोबर उत्तरही पालटू शकतं. तेच उत्तर नव्या चॅटमध्ये चिकटवा, ते कुणाचं हे सांगू नका आणि पहिली चुकीची पायरी शोधायला लावा. चूक नसेल तर तसं सांगायची मोकळीकही द्या.