शेवटच्या घासापासून मोजा

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. 'रिकाम्या पोटी' रक्त द्यायला येणारे लोक 8 ते 12 तास काही न खाता आलेले असतात आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही, कारण त्यातला बहुतेक वेळ झोपेत गेलेला असतो. इंटरमिटंट फास्टिंगची, म्हणजे रोज ठरावीक तास काही न खाता राहण्याची, सुरुवात इथूनच करावी असं मला मनापासून वाटतं. 16 तासांचा आकडा ऐकून लोक पहिल्याच दिवशी तिथे उडी घेतात, चार दिवसांत वैतागतात आणि सगळंच सोडून देतात.

माझी कामाची पाळी बदलती आहे. त्यामुळे 'दुपारी 12 ते रात्री 8 एवढ्यातच खायचं' असा ठरलेला तक्ता मला चालत नाही. मी एकच वेळ लिहून ठेवते: शेवटचा घास कधी खाल्ला ती. फ्रिजच्या दारावर कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल आहे; ताट उचललं की वेळ टिपायची. तिथून 12 तास मोजायचे. त्याआधी काही खायचं नाही, एवढाच नियम. पुढे जमलं तर 14, अगदी सहज जमलं तर 16. दगदगीचा दिवस असेल तर 12 वर थांबायचं आणि मन खट्टू करून घ्यायचं नाही.

शेवटचा घास म्हणजे खरोखरच शेवटचा. मुलाच्या ताटातलं उरलेलं, ओटा आवरताना तोंडात टाकलेले चार दाणे, झोपण्यापूर्वीचं दूध, हे सगळं खाणंच. मधल्या वेळात पाणी, बिनदुधाचा-बिनसाखरेचा चहा किंवा काळी कॉफी चालते. दूध-साखरेचा चहा घेतला की उपवास सुटला असं समजा. कोऱ्या चहाने पित्त होत असेल तर नुसतं पाणी प्या.

पहिले एक-दोन आठवडे 12 तासांवरच राहा. मग दर चार-पाच दिवसांनी अर्धा तास वाढवा. वाढवताना सकाळचं खाणं पुढे ढकलण्यापेक्षा रात्रीचं जेवण अलीकडे आणता आलं तर उत्तम. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांनी दिवसाचं सगळं खाणं सकाळपासूनच्या 6 तासांत आटोपलं. त्यांचं वजन उतरलं नाही, तरी इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला आणि रक्तदाबही उतरला. दुपारी तीनच्या आत रात्रीचं जेवण कुणाला जमणार? पण दहाचं जेवण आठवर आणणं बहुतेकांच्या हातात असतं.

भुकेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण लोक इथेच हार मानतात. रोज नऊला खाण्याची सवय असेल तर नऊच्या सुमारास घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक वाढतं. पोटात गुरगुरतं, लक्ष लागत नाही, डब्याकडे हात जातो. अशा वेळी ग्लासभर पाणी प्यायचं आणि उभ्याने करायचं एखादं काम हाती घ्यायचं. थोड्या वेळात ती लाट ओसरते, आपण काही खाल्लं नाही तरी. वेळ पुढे सरकली की काही दिवसांत भूकही नव्या वेळेला लागायला शिकते. हात थरथरणं, घाम फुटणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही मात्र साधी भूक नव्हे. तिथे घड्याळ बघत बसू नका, लगेच खा.

उपवास कशाने सोडता याला फार महत्त्व आहे. ताटात आधी प्रथिनं हवीत: अंडी, कडधान्यं, दही, मासे, जे खात असाल ते. त्याबरोबर भाज्या, मग बाकीचं. 2020 साली अमेरिकेतल्या एका चाचणीत 12 आठवडे दुपारी 12 ते रात्री 8 याच वेळेत खाणाऱ्यांचं वजन थोडं उतरलं, पण तीन वेळा जेवणाऱ्यांच्या तुलनेत ठळक फरक दिसला नाही. शिवाय ज्यांच्या शरीराची बारकाईने मोजमापं घेतली, त्यांच्या उतरलेल्या वजनात चरबीपेक्षा स्नायूंसारख्या ऊतींचाच वाटा मोठा होता. म्हणून प्रथिनं आणि आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम सोडू नका. खाण्याची खिडकी, म्हणजे दिवसातले खाण्याचे तास, आखडली म्हणजे आत काहीही, कितीही खाल्लेलं खपतं असं नाही. मला तिचा उपयोग वेगळाच वाटतो: रात्रीचं अरबट-चरबट खाणं आपोआप बंद होतं.

रात्री अकराला कुणाकडे जेवण झालं? दुसऱ्या दिवशी अकराला खा. सकाळी सातलाच सगळ्यांबरोबर नाश्ता करायचाय? खुशाल करा. फक्त आदल्या दिवशी जास्त झालं म्हणून दुसऱ्या दिवशी 20 तास उपाशी राहू नका. त्या भरपाईतूनच मग अधाशासारखं खाणं सुरू होतं. रात्रपाळीला मी निघण्यापूर्वी पोटभर जेवते, मध्यरात्रीनंतर जड काही घेत नाही आणि घरी येऊन झोपते. उपवासाचे तास झोपेत निघून जातात.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, अठराच्या आतली मुलं, आणि खाण्याशी संबंधित मानसिक आजार कधी झालेला असेल अशांनी या वाटेला जाऊ नये. मासिक पाळी अनियमित झाली तर तास कमी करा आणि डॉक्टरांना भेटा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जेवण लांबल्यावर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशांनी औषधाचा डोस आणि वेळ डॉक्टरांकडून बदलून घेतल्याशिवाय एक तासही वाढवू नये. साखर 70 च्या खाली गेली तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायची, आणि त्या दिवशी उपवास तिथेच संपला.