५०० चे पान नेमके कोणी पाठवले? : प्रॉक्सी फायरवॉलमागच्या साइटची तपासणी

नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांत माझ्याकडे आलेली एक तक्रार एका ओळीची होती : ऑफिसात साइट उघडते, बाहेरून मात्र ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’ येते. ‘इंटर्नल सर्व्हर’ हे शब्द वाचून मी दोष वेब सर्व्हरवरच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये आहे असे धरून चाललो. पुढचे दोन दिवस मी अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्या सहकाऱ्यांच्या मागे लागून त्यांच्याकडून कोड तपासून घेतला, डेटाबेसची जोडणी पाहायला लावली आणि सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला. त्यांच्या बाजूने सारे ठीकच होते, कारण बाहेरून आलेली विनंती त्यांच्या अ‍ॅप्लिकेशनपर्यंत कधी पोचलीच नव्हती. चूक फायरवॉलच्या नियमात होती आणि तो नियम मीच लिहिला होता.

त्या वेळी आमच्याकडे आयएसए सर्व्हर २००४ हा मायक्रोसॉफ्टचा प्रॉक्सी फायरवॉल होता. या घराण्यातले शेवटचे उत्पादन म्हणजे टीएमजी २०१०, आणि त्याचा विस्तारित सपोर्ट १४ एप्रिल २०२० रोजी संपला. तरीही नवोदितांनी हा अनुभव जुना म्हणून सोडून देऊ नये, कारण रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरच्या विनंत्या स्वतः घेऊन आतल्या सर्व्हरकडे नेणारा मध्यस्थ, कोणताही असला तरी त्याच्या कामाची रीत तीच असते. साध्या पॅकेट फायरवॉलप्रमाणे तो जोडणी आरपार जाऊ देत नाही. बाहेरच्या ब्राउझरची जोडणी त्याच्यापाशी संपते, तो विनंती वाचतो, नियमांशी ताडून पाहतो आणि मग स्वतः ग्राहक बनून आतल्या सर्व्हरशी दुसरी, स्वतंत्र जोडणी करतो. दोन्ही जोडण्या एचटीटीपीएसच्या (कूटबद्ध) असतील तर हँडशेकही, म्हणजे सुरुवातीची ओळखपाळखही, दोनदा होते आणि प्रमाणपत्रेही (सर्व्हरची ओळखपत्रेही) दोन असतात : पहिले ब्राउझर तपासतो, दुसरे, तशी तपासणी चालू असल्यास, प्रॉक्सी. ब्राउझरला पहिल्या जोडणीत काही खटकले तर तो वापरणाऱ्याला इशारा देतो आणि सहसा ‘तरीही पुढे जा’ म्हणण्याची सोय ठेवतो. दुसऱ्या जोडणीत प्रॉक्सीला काही खटकले तर तिथे विचारायला माणूसच नसतो, म्हणून तो जोडणी तोडतो आणि ब्राउझरला एक त्रुटीचे पान पाठवून मोकळा होतो. आयएसएच्या बाबतीत त्या पानावर ५०० हा आकडा असे.

म्हणून पहिला प्रश्न ‘५०० का आले’ हा नसून ‘५०० कोणी पाठवले’ हा आहे, आणि त्याचे उत्तर वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, मिळते. बाहेरून एकदा पान उघडावे, घड्याळातली वेळ टिपून ठेवावी आणि त्या क्षणाची ओळ आयआयएसच्या (मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरच्या) लॉगमध्ये शोधावी. ओळ असेल आणि तिच्यात ५०० असेल, तर पान सर्व्हरने पाठवले. ओळच नसेल, तर ते बहुधा प्रॉक्सीने लिहिले आहे. मात्र ‘ओळ नाही’ असे म्हणण्याआधी तीन गोष्टींची खात्री करावी लागते, आणि त्यांपैकी पहिलीत मी स्वतः फसलो आहे. आयआयएसच्या डब्ल्यू३सी पद्धतीच्या लॉगमधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते, स्थानिक नव्हे, त्यामुळे मी बराच वेळ भलत्याच तासाच्या ओळी वाचत बसलो होतो. दुसरे असे की ओळी लगोलग फाईलमध्ये उतरत नाहीत, थोडा वेळ मेमरीत साठून राहतात. तिसरे म्हणजे काही विनंत्या साइटपर्यंत न पोचता त्याआधीच एचटीटीपी डॉट सिस या विंडोजच्या घटकाकडून नाकारल्या जातात आणि त्यांची नोंद एचटीटीपीईआरआर नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये पडते. अ‍ॅप्लिकेशन पूल (आयआयएसमध्ये अ‍ॅप्लिकेशन ज्यात चालते तो कप्पा) बंद पडल्यावर येणारी ५०३ तिथेच सापडते.

पान प्रॉक्सीचे आहे हे कळल्यावर ते नीट वाचावे. हे सांगायची गरज वाटू नये, पण लोक फक्त मोठ्या अक्षरांतले ५०० वाचतात आणि खालच्या कंसातला आकडा सोडून देतात. आमच्या वेळी यात ब्राउझरचीही भर होती : इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ‘फ्रेंडली’ त्रुटिसंदेशांची सोय चालू असली की सर्व्हरकडून आलेले छोटे पान झाकून ब्राउझर स्वतःचेच गुळमुळीत पान दाखवी. मी ती सोय बंद केली तेव्हा कुठे मूळ वाक्य दिसले : ‘द टार्गेट प्रिन्सिपल नेम इज इनकरेक्ट’, आणि कंसात उणे २१४६८९३०२२.

हा आकडा आयएसएचा नाही, तो विंडोजच्या सुरक्षा घटकाकडून जसाच्या तसा आलेला असतो. त्याचा अर्थ एवढाच की ज्या नावाने सर्व्हरला हाक मारली ते नाव सर्व्हरने दाखवलेल्या प्रमाणपत्रावर नाही. विनंती आत कोणाकडे पाठवायची ते फायरवॉलच्या नियमाच्या ‘टू’ या टॅबवर लिहितात, आणि तिथे मी आतल्या सर्व्हरचा आयपी पत्ता टाकला होता, कारण पिंग करताना तोच वापरण्याची सवय होती. प्रमाणपत्र मात्र साइटच्या सार्वजनिक नावाने काढलेले होते. ऑफिसातले लोक ते नाव टाइप करून थेट सर्व्हरवर जात, त्यामुळे त्यांना काही अडचण येत नसे. प्रॉक्सी आयपी पत्त्याने हाक मारी, प्रमाणपत्रावर वेगळेच नाव पाही आणि जोडणी तोडी. हँडशेकच पुरा न झाल्याने विनंती पुढे गेली नाही आणि आयआयएसच्या लॉगमध्ये ओळ पडली नाही. दोन दिवसांची शोधाशोध तिथे संपली.

उपाय सोपा होता, पण त्यातही एक खाच होती. मी ‘टू’ टॅबवर आयपीच्या जागी सार्वजनिक नाव टाकले आणि प्रॉक्सीने ते नाव बाहेरच्या डीएनएसला (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेला) विचारले. बाहेरच्या डीएनएसमध्ये त्या नावापुढे खुद्द फायरवॉलचाच बाहेरचा पत्ता होता, म्हणजे मी प्रॉक्सीला स्वतःचेच दार ठोठवायला पाठवले होते. नाव प्रमाणपत्राशी जुळले पाहिजे आणि प्रॉक्सीच्या मशीनवरून ते नाव आतल्या पत्त्याकडेच वळले पाहिजे, या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. त्यासाठी अंतर्गत डीएनएसमध्ये नोंद करावी किंवा प्रॉक्सीच्या होस्ट्स फाईलमध्ये (त्या मशीनपुरत्या नाव-पत्त्यांच्या यादीत) एक ओळ घालावी. मी होस्ट्स फाईलची वाट धरली. पुढे २००६ च्या आवृत्तीत त्या टॅबवर साइटचे नाव आणि सर्व्हरचा पत्ता यांसाठी दोन वेगळे रकाने आले आणि हा द्राविडी प्राणायाम टळला.

याच कुळातला दुसरा आकडा उणे २१४६८९३०१९ हा आहे. प्रमाणपत्र ज्या संस्थेने दिले तिच्यावर प्रॉक्सीचा विश्वास नाही, असा त्याचा अर्थ. आतल्या सर्व्हरसाठी प्रमाणपत्र सहसा संस्थेच्या स्वतःच्या प्रमाणपत्र सर्व्हरवरून काढतात, आणि फायरवॉल जर संस्थेच्या विंडोज डोमेनबाहेर (सामाईक व्यवस्थापनाबाहेर) ठेवलेला असेल तर त्याला त्या सर्व्हरचे मूळ (रूट) प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. एकदा मी ते फाईलवर डबल-क्लिक करून प्रॉक्सीच्या मशीनवर बसवले, त्याच मशीनवरच्या ब्राउझरमध्ये साइट उघडून पाहिली, कुलपाचे चिन्ह दिसले आणि मी काम झाल्याचे कळवून टाकले. बाहेर ५०० तसेच होते. मी प्रमाणपत्र माझ्या वापरकर्ता खात्याच्या कप्प्यात बसवले होते, फायरवॉलची सेवा मात्र माझ्या खात्याखाली चालत नाही, ती संगणकाच्या सामाईक कप्प्याकडे पाहते. एमएमसी या विंडोजच्या व्यवस्थापन साधनात प्रमाणपत्रांचे स्नॅप-इन (जोडविभाग) जोडताना ‘कॉम्प्युटर अकाउंट’ हा पर्याय निवडून तेच प्रमाणपत्र पुन्हा बसवले तेव्हा साइट उघडली. प्रॉक्सीवर बसून ब्राउझरने घेतलेली चाचणी उपयोगी असते, पण ती सेवेची चाचणी नसते, एवढे ध्यानात ठेवावे.

मुदत संपलेल्या प्रमाणपत्राचा आकडा उणे २१४६८९३०१६ असतो. तिथे तारीख आणि दोन्ही मशीनची घड्याळे पाहिली की काम भागते.

प्रमाणपत्रांशी काडीचाही संबंध नसलेली एक ५०० मात्र मला सर्वांत लबाड वाटते, कारण ती संपूर्ण साइटवर येत नाही, एखाद्याच दुव्यावर येते. ‘विनंती एचटीटीपी फिल्टरने नाकारली’ असे वाक्य आणि पुढे १२२१७ हा आकडा, असे तिचे रूप असते. आयएसएचा एचटीटीपी फिल्टर विनंतीतला पत्ता एकदा उलगडतो (म्हणजे त्यातल्या ‘%’ च्या सांकेतिक खुणांची मूळ अक्षरे करतो), मग पुन्हा उलगडतो, आणि दोन्ही वेळी उत्तर वेगळे आले तर हल्ल्याचा संशय घेऊन विनंती फेकून देतो. दुहेरी एन्कोडिंगने फायरवॉलला चकवण्याचे प्रकार होतात, त्यामुळे ही काळजी रास्तच आहे. पण आमच्याकडे एका कर्मचाऱ्याने फाईलच्या नावातच टक्क्याचे चिन्ह घातले होते. ते चिन्ह पत्त्यात ‘%२५’ असे लिहिले जाते, पहिल्या फेरीत त्याचे ‘%’ होते आणि दुसऱ्या फेरीत फिल्टर बिथरतो. इतर सर्व फाइली उतरत, ही एकच उतरत नसे. इंग्रजीखेरीज अन्य लिपीत नावे असलेल्या फाइलींनाही ‘हाय बिट’ अक्षरे रोखण्याच्या पर्यायामुळे हाच अनुभव येऊ शकतो. अशा वेळी नियमातली पूर्ण तपासणी बंद करण्याचा मोह होतो. माझ्या मते आधी फाईलचे नाव बदलावे, आणि ते शक्य नसेल तरच फक्त त्या साइटच्या नियमापुरती ढील द्यावी.

आता लॉगमध्ये ओळ सापडते आणि ५०० खरोखरच सर्व्हरचे असते, त्या बाजूविषयी थोडक्यात. आयआयएस ७ पासून त्रुटीचा सविस्तर तपशील मूळ मांडणीत फक्त सर्व्हरवरच बसून पान उघडणाऱ्याला दिसतो. प्रॉक्सीमार्फत येणारा प्रत्येक जण सर्व्हरच्या दृष्टीने दूरचाच असल्याने त्याला त्रोटक पान मिळते. तेव्हा पान सर्व्हरवर उघडावे किंवा लॉगमधला उपक्रमांक पाहावा. ५०० सोबत १९ असेल तर कॉन्फिगरेशन फाईल बिघडलेली असते. तीच विनंती सर्व्हरवर थेट करताना मात्र होस्ट हेडर (विनंतीतले साइटचे नाव) प्रॉक्सी पाठवतो तोच असू द्यावा. मूळ हेडर पुढे पाठवण्याचा पर्याय नियमात बंद असेल, तर अ‍ॅप्लिकेशनला आतलेच नाव दिसते आणि नावावर विसंबून चालणारा कोड तिथे कोसळतो, जे थेट चाचणीत कधीच दिसून येत नाही.

आजच्या साधनांत हेच आजार वेगळ्या आकड्यांनी ओळखले जातात. मागच्या सर्व्हरकडून ग्राह्य उत्तर न आल्यास ५०२ आणि वेळेत उत्तर न आल्यास ५०४, असे एचटीटीपीचे मानक सांगते, आणि एनजिनएक्स हा प्रॉक्सी म्हणूनही वापरला जाणारा वेब सर्व्हर त्यानुसारच वागतो. क्लाउडफ्लेअर ही प्रॉक्सी सेवा मागच्या जोडणीतला हँडशेक फसल्यास ५२५ आणि प्रमाणपत्र अग्राह्य ठरल्यास ५२६ दाखवते. ५०० पेक्षा हे आकडे कितीतरी प्रामाणिक आहेत, कारण दोष कोणत्या जोडणीत आहे हे ते निदान सुचवतात.

होस्ट्स फाईलमधल्या त्या ओळीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. वर्षभराने वेब सर्व्हर नव्या मशीनवर हलला, पत्ता बदलला, आम्ही अंतर्गत डीएनएस काळजीपूर्वक दुरुस्त केला आणि बाहेरून साइट उघडेना. या वेळी आकडा १००६० होता, म्हणजे जोडणीची वेळ संपली. ती ओळ मी घातली आहे हे मीच विसरलो होतो आणि प्रॉक्सी इमानाने जुन्या, बंद पडलेल्या पत्त्यावर हाका मारत होता. तेव्हापासून होस्ट्स फाईलमध्ये मी घातलेल्या प्रत्येक ओळीच्या वर हॅश चिन्ह देऊन तारीख आणि ती ज्या नियमासाठी घातली त्याचे नाव लिहिलेले असते.