तारेच्या अंगाने बाजारपेठेचा इतिहास कसा शोधावा

गावात रेल्वे आली आणि बाजारपेठ वाढली, एवढे लिहून स्थानिक इतिहास बहुधा थांबतो. रुळांच्या कडेने खांबांवरून गेलेली तार, म्हणजे टेलिग्राफ, त्यात क्वचितच दिसते. एकेरी मार्गावरून दिवसाला किती मालगाड्या सोडता येतील आणि कापसाच्या गाठी कोणत्या भावाने द्याव्यात, या दोन्ही गोष्टी तिच्यावर अवलंबून असत. हा धागा कसा शोधावा, ते खामगावच्या उदाहरणाने पाहू.

प्रथम रेल्वे, तार आणि बाजार यांच्या तारखा वेगवेगळ्या काढाव्यात. त्या एकाच सुमाराच्या असतील असे गृहीत धरू नये. खामगावचा कापसाचा बाजार आधीच मोठा होता, पण मुंबई–नागपूर मार्ग त्याला बाजूला ठेवून जलंबवरून गेला, म्हणून 1870 मध्ये सुमारे 13 किलोमीटरचा फाटा खास टाकण्यात आला. येथे बाजाराने रूळ ओढून आणले, असेच म्हणावे लागते. खामगाव वऱ्हाडात असल्यामुळे त्याची माहिती 1870 च्या वऱ्हाड गॅझेटिअरमध्ये शोधावी. जळगाव-भुसावळसाठी मात्र मुंबई इलाख्याचे 1880 चे खानदेश गॅझेटिअर पाहावे. पुष्कळ अभ्यासक येथेच चुकीचा खंड उघडून बसतात.

त्यानंतर गाडी प्रत्यक्ष कशी सोडत, हे समजून घ्यावे, कारण खरा अर्थ तेथे आहे. तार नसेल तर एकेरी मार्गावर सारी भिस्त वेळापत्रकावर राहते आणि समोरची गाडी उशिरा आली की दुसरी क्रॉसिंगच्या, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात त्या, स्टेशनात अडकून पडते. तार आल्यावर एका स्टेशनाने पुढच्याला विचारायचे, मार्ग मोकळा असल्याचे उत्तर आले की ‘लाइन क्लिअर’चा कागद ड्रायव्हरच्या हाती द्यायचा, अशी रीत पडली. पुढे विजेने जोडलेली टोकन यंत्रे आली. दोन स्टेशनांमधील मार्गासाठी एका वेळी टोकन म्हणून एकच गोळा बाहेर निघे. तो पिशवीत घालून वेताच्या कड्यासह ड्रायव्हरला दिल्याशिवाय गाडी हलत नसे. या व्यवस्थेमुळे गाड्यांचे क्रॉसिंग ऐन वेळी दुसऱ्या स्टेशनावर हलवता येई, त्याच रुळांवरून अधिक माल जाई आणि दुहेरीकरणाचा खर्च पुढे ढकलता येई. निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना ‘गोळ्या’विषयी अवश्य विचारावे, पुस्तकात न सापडणारे तपशील ते सहज सांगतात.

भावांकडे वळताना अधिक सावध राहावे. अमेरिकेतील यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात मुंबईच्या कापसाला जी तेजी आली, तिचे श्रेय समुद्रतळाच्या तारेला देता येत नाही, कारण इराणच्या आखातातून येणारी तार 1865 मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईचा सट्टा कोसळला. सुएझ–एडन–मुंबई ही तार तर 1870 ची. या तारा येण्याआधी लंडनची डाक बोटीने यायला सुमारे महिना लागे. पण सुएझ कालवाही 1869 च्या नोव्हेंबरमध्येच खुला झाला होता. तेव्हा 1870 नंतरच्या व्यापारवाढीत तारेचा वाटा किती आणि कालव्याचा किती, हे नुसत्या निर्यातीच्या आकड्यांवरून ठरवू नये. त्यापेक्षा इंग्लंडमधील कापसाची पेठ लिव्हरपूल आणि मुंबई येथील भावांमधील फरक वर्षवार मांडावा. बातमी लवकर पोहोचू लागली की हा फरक सहसा आकसतो. मात्र भाडे आणि विमा वेगळे काढल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

जुन्या कागदांतील घड्याळाचीही शहानिशा करावी. मुंबईची स्थानिक वेळ आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे होती, तर रेल्वे बरीच वर्षे मद्रासच्या वेळेने चाले.

शेवटी, गावातील जुन्या अडत्यांच्या घरी वह्या शिल्लक असतील तर त्यांतील तारखर्चाच्या नोंदी पाहाव्यात. ज्या दिवशी तारेवर पैसे खर्च झाले, त्याच्या पुढच्या दोन-तीन दिवसांत किती गाठी विकल्या, हे शेजारी मांडून पाहावे आणि त्या आठवड्याचे मुंबईतील वर्तमानपत्रांचे भाव त्यांच्याशी ताडून घ्यावेत.